शेवट असलेली गोष्ट : घरात बसून पाहण्याजोग्या काही मालिका

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी आपल्या कुटुंबांतून साधारणतः दोन मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे हा सारा प्रकार घरात शिरलेला चोर आहे. तो सायंप्रार्थनेची वेळ चोरतो, मुलांचा अभ्यास चोरतो आणि जेवणाच्या पानावरचे बोलणेही चोरतो. दुसरे मत असे, की दिवसभर राबून थकलेल्या माणसाने घटकाभर विरंगुळा शोधला तर त्याची एवढी चिकित्सा कशाला? आम्हांला ही दोन्ही मते थोडी आळशीपणाची वाटतात. पहिल्यात निवड करण्याचे कष्ट टाळलेले असतात आणि दुसऱ्यातही तेच. पुस्तकांच्या बाबतीत आपण असे करीत नाही. वाईट पुस्तके पुष्कळ निघतात म्हणून कोणी वाचनालयाला टाळे ठोकीत नाही, किंवा विरंगुळा हवा म्हणून हाती येईल ते पुस्तक मुलाच्या हाती देत नाही. मालिकांनाही हाच न्याय लावावयास हवा.

असा न्याय लावण्याची वेळ आज अधिक निकडीची झाली आहे. दूरदर्शनच्या काळात निवड फारशी नव्हतीच. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली तेव्हा साऱ्या घराने, किंबहुना शेजारच्या दोन घरांनीही, एकाच पेटीपुढे बसून एकच गोष्ट पाहिली. शंकर नाग यांची 'मालगुडी डेज', गोविंद निहलानी यांची 'तमस', मराठीत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे 'चिमणराव' हे सारे त्या सामाईक पाहण्याचे ठेवे आहेत. आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे. आजी दिवाणखान्यात रोजची मालिका पाहते, वडील भ्रमणध्वनीवर बातम्या पाहतात, मुलगी कानात यंत्र घालून परदेशी मालिका पाहते आणि धाकटा काय पाहतो हे कोणालाच ठाऊक नसते. एकाच छपराखाली चार गोष्टी चालू असतात आणि एकमेकांना सांगण्याजोगी एकही नसते. म्हणून 'काय पाहावे' या प्रश्नात 'कोणाबरोबर पाहावे' हा प्रश्नही आता मिसळला आहे.

या लेखात आम्ही गेल्या काही वर्षांतील मोजक्या मालिकांची शिफारस करणार आहोत. शिफारस म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. ज्या मालिका आम्हांला मोलाच्या वाटल्या त्यांचे दोषही आम्ही सांगू, आणि कोणती मालिका कोणत्या वयाच्या माणसाने पाहावी हेही जमेल तितके नोंदवू.

आमची कसोटी

रोज संध्याकाळी येणाऱ्या मालिकांविरुद्ध सर्वसाधारणपणे जी तक्रार होते ती भरजरी साड्यांची, कारस्थानी सासवांची आणि तीनतीनदा दाखविलेल्या दचकण्याची असते. ही तक्रार खरी असली तरी वरवरची आहे. आमच्या मते त्या मालिकांचा मूळ दोष हा, की त्यांना शेवट नसतो. जोपर्यंत प्रेक्षक आहेत तोपर्यंत गोष्ट लांबवायची, हा त्यांचा धंद्याचा नियम. आता ज्या गोष्टीला शेवट नाही तिच्यात कृतीला परिणामही नसतो. मेलेला माणूस परत येतो. विष घालणारी जाऊ चार महिन्यांनी देवघरात दिवा लावताना दिसते. विश्वासघात, क्षमा, पश्चात्ताप हे सारे पुढील आठवड्यात पुसून टाकता येते. जेथे काहीही पुसता येते तेथे कशालाही वजन राहत नाही. नीतीचे धडे देणारे संवाद त्या मालिकांतून कमी असतात असे नाही. पण कृत्य आणि त्याचे फळ यांची गाठ तेथे सुटलेली असते आणि ही गाठ सुटली, की उरलेले धडे पोकळ होतात.

म्हणून आमची पहिली कसोटी अशी : ही गोष्ट कोठेतरी पोहोचते काय? दुसरी : वाटेत माणसे बदलतात काय, आणि तो बदल त्यांना काही किंमत देऊन मिळतो काय? तिसरी कसोटी घरगुती आहे : पडदा बंद केल्यावर घरातील माणसे एकमेकांशी बोलू लागतात काय? या तिन्हींना उतरलेली मालिका हसवणारी असो वा रडवणारी, ती वेळ चोरीत नाही. घेतलेला वेळ व्याजासह परत करते.

'गुल्लक' : चिल्लर साठवणारे घर

आरंभ सर्वांनी मिळून पाहण्याजोग्या मालिकेने करू. 'गुल्लक' ही हिंदी मालिका २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२४ पर्यंत तिची चार पर्वे आली. प्रत्येक पर्वात केवळ पाच भाग. उत्तर भारतातील एका लहान शहरातले मिश्रा कुटुंब, वीज खात्यात नोकरी करणारे वडील, घर सांभाळणारी आई, स्थिरस्थावर होऊ पाहणारा थोरला अन्नू आणि शाळकरी धाकटा अमन. ही सारी हकीकत सांगतो घरातल्या फळीवर ठेवलेला मातीचा गल्ला. आपण कथा सांगत नसून किस्से सांगतो आहोत, असे तो आरंभीच बजावतो. हा भेद नेमका आहे. कथेत नायक लागतो, संकट लागते. किश्शाला विजेचे वाढीव बिल, गच्चीवरचे बेकायदा बांधकाम किंवा रद्दी विकण्यावरून झालेला वाद एवढे पुरते.

या मालिकेची खरी शक्ती भांडणांत आहे. मिश्रांच्या घरात सतत कुरबुर चालू असते. पण ती शत्रूंची नव्हे, एकाच ताटात जेवणाऱ्यांची कुरबुर आहे. वडील आणि थोरला मुलगा यांच्यातील नाते पर्वागणिक कसे सरकत जाते ते पाहावे. पहिल्या पर्वात अन्नू हा घरातला बिनकामाचा पोरगा असतो. पुढे तो औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, घरखर्चाला हातभार लावतो, आणि एके दिवशी वडिलांच्या लक्षात येते की आपल्या खांद्यावरचे ओझे न विचारता कोणीतरी उचलले आहे. मालिकेने यासाठी मोठा संवाद योजलेला नाही. हे ओझे हस्तांतरित होण्याचा क्षण आपल्यापैकी अनेक घरांत येतो आणि बहुधा असाच, न बोलता येतो.

आईच्या भूमिकेत मराठी रंगभूमीवरून आलेल्या गीतांजली कुलकर्णी आहेत. २०१४ च्या 'कोर्ट' या चित्रपटातील सरकारी वकील ज्यांनी पाहिली असेल त्यांना त्यांच्या अभिनयाची जात ठाऊक आहे. येथे मात्र आमची एक तक्रार आहे. शांती मिश्रा ही बाई चारही पर्वे जवळजवळ स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी आहे. तिची चिडचिड विनोदाचे साधन होते, तिचे कष्ट घरातल्या पुरुषांना अधूनमधून दिसतातही, परंतु प्रत्येक वेळी थोडा लाड करून तो विषय मिटवला जातो. गल्ला सर्वांची चिल्लर मोजतो. आईच्या वाट्याची मोजताना त्याचा हिशेब घाईचा होतो. मालिका पाहून झाल्यावर घरातल्या पुरुषांनी या एका गोष्टीवर बोलावे, अशी आमची सूचना आहे.

'पंचायत' : गावाचे सुख आणि गावाचे राजकारण

एप्रिल २०२० मध्ये, साऱ्या देशाला कुलूप लागलेले असताना, 'पंचायत'चे पहिले पर्व आले. उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातले फुलेरा हे कल्पित गाव. प्रत्यक्ष चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात झाले. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला अभिषेक त्रिपाठी दुसरी चांगली नोकरी मिळत नाही म्हणून ग्रामपंचायतीचा सचिव होऊन येथे येतो. पगार वीस हजार, राहण्याची सोय पंचायतीच्या कार्यालयातच, आणि मनात सतत व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून येथून निसटण्याचा बेत. दिग्दर्शक दीपककुमार मिश्रा आणि लेखक चंदनकुमार यांनी या साध्या बीजातून जे उभे केले ते खेड्याविषयीच्या दोन्ही खोट्यांना उत्तर आहे. एक खोटे असे, की खेडे म्हणजे निरागस स्वर्ग; दुसरे असे, की खेडे म्हणजे केवळ जात, दारू आणि कोयते. फुलेऱ्यात माणसे लबाडी करतात, भुताच्या झाडाला भितात, एका चाकाच्या खुर्चीवरून लग्नात रुसवे होतात आणि तीच माणसे रात्री सचिवाला एकटा जेवू देत नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकाला या मालिकेतील एक धागा फार ओळखीचा वाटेल. निवडून आलेली प्रधान आहे मंजूदेवी (नीना गुप्ता), पण कारभार पाहतो तिचा नवरा (रघुवीर यादव), आणि गाव त्यालाच 'प्रधानजी' म्हणते. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. आपल्या राज्यात हे प्रमाण पुढे निम्म्यावर गेले. कागदावर सरपंच झालेली बाई आणि खुर्चीवर बसणारा तिचा पती हे दृश्य आपल्याकडेही नवीन नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटी मंजूदेवी जिल्हाधिकाऱ्यांसमोर ध्वज फडकावते आणि अडखळत का होईना, राष्ट्रगीत पूर्ण करते. त्या अडखळण्यात जेवढी घटनादुरुस्ती आहे तेवढी पुष्कळ भाषणांत नसते.

दुसऱ्या पर्वाला (२०२२) गोव्यातील २०२३ च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. तो या विभागातील पहिलाच पुरस्कार होता. या पर्वाच्या अखेरीस उपप्रधान प्रल्हाद याचा सैनिक मुलगा हुतात्मा होतो. तोवर हसत असलेला प्रेक्षक एकाएकी गप्प होतो. पण आम्हांला त्याहून मोठी वाटली ती तिसऱ्या पर्वातील (२०२४) त्याची उरलेली हकीकत. भरपाईचे पन्नास लाख रुपये घरात आले आहेत आणि या विधुर बापाला त्यांचे करायचे काय हे कळत नाही. शोकाला किंमत देता येते, पण शोक करणाऱ्याला ती खर्चता येत नाही, हे फैसल मलिक यांनी फारसे न बोलता दाखविले आहे.

मात्र याच मालिकेत आमच्या कसोटीला बाधा येते. २०२५ मधील चौथे पर्व जवळजवळ संपूर्णपणे प्रधानपदाच्या निवडणुकीला वाहिलेले आहे. दुधीभोपळा विरुद्ध कुकर ही निवडणूक-चिन्हे गमतीची आहेत. परंतु पहिल्या पर्वात एकेका भागात जी पूर्ण गोष्ट सापडे ती येथे सापडत नाही. डाव, प्रतिडाव आणि पुढच्या भागापर्यंत ताणलेली उत्कंठा, म्हणजे रोजच्या मालिकेचीच सवय चांगल्या घरात शिरू लागली आहे. शेवटी मंजूदेवी निवडणूक हरते. हा शेवट धीट आहे, कारण आपल्या लाडक्या पात्राला हरू देण्यास धैर्य लागते. पण तेथवर नेणारी वाट उगाच लांब झाली आहे. वाचकांनी पहिली दोन पर्वे जरूर पाहावीत, तिसरे प्रल्हादसाठी पाहावे, आणि चौथ्याचा निर्णय आपापल्या सवडीप्रमाणे घ्यावा. भाषेत काही ठिकाणी गावठी शिव्या आहेत, एवढे लहान मुलांच्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

'कोटा फॅक्टरी' : गुणपत्रिकेमागची मुले

ज्यांच्या घरात दहावी-बारावीचे मूल आहे त्यांनी 'कोटा फॅक्टरी' (२०१९, २०२१ आणि २०२४) त्या मुलाबरोबर बसून पाहावी. राजस्थानातील कोटा शहरात अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीसाठी देशभरातून मुले येतात. ही मालिका जवळजवळ संपूर्ण कृष्णधवल आहे, आणि रंग काढून घेतल्याने त्या शहरातील दिवसांचा एकसारखेपणा न सांगता कळतो. जितू भैया हा शिक्षक (पुन्हा जितेंद्र कुमारच) मुलांचा आधारस्तंभ आहे. तिसऱ्या पर्वात मात्र एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर हा आधारस्तंभच खचलेला दिसतो आणि स्वतः उपचार घेऊ लागतो. शिक्षकालाही तडा जातो, हे मान्य करणारी मालिका विरळाच.

एक आक्षेप नोंदविला पाहिजे. शिकवणीच्या कारखान्यावर टीका करणाऱ्या या मालिकेच्या पहिल्या पर्वाला एका शिकवणी देणाऱ्या कंपनीचेच प्रायोजन होते. जितू भैयाच्या तोंडच्या धीराच्या शब्दांनी मुलांना बळ मिळते हे खरे. पण त्याच शब्दांनी ती पुन्हा त्याच रांगेत उभी राहतात. ही रांग हवीच कशाला, हा प्रश्न मालिका विचारता विचारता थांबते. तो प्रश्न घरी विचारावा.

'ट्रायल बाय फायर' : न संपणाऱ्या खटल्याची गोष्ट

आता प्रौढांसाठीच्या मालिकांकडे वळू. १३ जून १९९७ रोजी दिल्लीतील उपहार चित्रगृहात 'बॉर्डर' या चित्रपटाच्या पहिल्याच दिवशी आग लागली. तळमजल्यावरील रोहित्रातून निघालेला धूर सज्जापर्यंत पोहोचला. जादा खुर्च्या बसवून अडवलेल्या वाटेमुळे माणसांना बाहेर पडता आले नाही. ५९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुले होती, सतरा वर्षांची उन्नती आणि तेरा वर्षांचा उज्ज्वल. या मातापित्यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकावर 'ट्रायल बाय फायर' ही सात भागांची मालिका आधारलेली आहे. ती जानेवारी २०२३ मध्ये आली. नीलमची भूमिका राजश्री देशपांडे यांनी आणि शेखरची अभय देओल यांनी केली आहे.

या मालिकेचे मोठेपण असे, की तिने आगीचा तमाशा केलेला नाही. ती आपल्याला आगीनंतरच्या कंटाळवाण्या, चिवट वर्षांत नेते. वर्तमानपत्रांतील निधनवार्ता वाचून इतर पीडित कुटुंबांचे पत्ते शोधणे, न ओळखणाऱ्या दारांवर थाप मारणे, कायद्याची भाषा शिकणे, तारखेमागून तारीख घेऊन परत येणे, हाच येथील थरार. राजश्री देशपांडे यांचा अभिनय पाहताना एक गोष्ट लक्षात येते : ही आई रडताना क्वचितच दिसते. तिने आपला शोक कामाला लावलेला आहे. नवरा-बायकोंचे दुःख एक असले तरी त्यांची गती वेगळी असते, आणि त्यामुळे एकाच घरात दोन माणसे किती एकटी पडू शकतात, हेही मालिका मायेने दाखवते.

तिची दुसरी थोरवी म्हणजे ती केवळ या जोडप्यापाशी थांबत नाही. रोहित्राची दुरुस्ती करणारा सामान्य कर्मचारी वीरसिंग (राजेश तैलंग) याचीही ती गोष्ट सांगते. धनवान मालकांना जामीन मिळतो. हाती पाना असलेला माणूस मात्र तुरुंगात जातो आणि त्याचे कुटुंब विस्कटते. अपराधाची उतरंड असते आणि शिक्षेचीही. पण या दोन उतरंडी एकमेकींशी जुळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चित्रगृहाच्या मालक बंधूंना आणखी तुरुंगवासाऐवजी प्रत्येकी तीस कोटी रुपये दंड भरण्यास सांगितले, ही इतिहासातील नोंद मालिका पाहिल्यावर निराळ्याच अर्थाने वाचता येते.

शेवट असलेल्या गोष्टींचा आम्ही पुरस्कार करीत आहोत. मग ज्या खटल्याने आईबापांची पंचवीस वर्षे घेतली त्याची गोष्ट कोठे संपवावी? दिग्दर्शक प्रशांत नायर आणि त्यांचे सहकारी अखेरच्या भागात पुन्हा त्या पहिल्या दिवसाकडे जातात. निकालाने जे पूर्ण होत नाही ते स्मरणाने पूर्ण करण्याचा हा प्रयत्न आहे. आमच्या मते तोच एक प्रामाणिक शेवट शक्य होता. ही मालिका लहान मुलांना दाखवू नये. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी ती आईवडिलांसह पाहण्यास हरकत नाही. पुढच्या वेळी सभागृहात गेल्यावर 'बाहेर पडण्याचा मार्ग' ही पाटी शोधण्याची सवय लागली, तरी तिचे काम झाले म्हणावयाचे.

'पाताल लोक', दुसरे पर्व : नागालँडकडे पाहण्याची दृष्टी

हिंदी पडद्यावरील ख्रिस्ती माणूस म्हणजे फुलाफुलांचा सदरा, हातात बाटली आणि मोडके हिंदी, ही ओळख आपल्या वाचकांना वर्षानुवर्षे टोचत आलेली आहे. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या 'पाताल लोक'च्या दुसऱ्या पर्वाचा उल्लेख करावासा वाटतो. दिल्लीतील एका खुनाचा माग काढीत पोलीस अधिकारी हाथीराम चौधरी (जयदीप अहलावत) नागालँडला पोहोचतो. तेथील समाज बहुतांश ख्रिस्ती आहे. पण मालिका त्याची जत्रा मांडीत नाही. तेथील माणसे आपल्या भाषेत बोलतात, आपल्या वैरांत अडकलेली असतात, चांगली आणि वाईट दोन्ही असतात. दिल्लीकराला तो प्रदेश परका वाटतो, आणि हळूहळू कळते की तेथे परका तोच आहे. ख्यातनाम आसामी दिग्दर्शक जानू बरुआ येथे एका वयोवृद्ध नेत्याच्या भूमिकेत दिसतात. दिग्दर्शक आहेत अविनाश अरुण, म्हणजे 'किल्ला' या मराठी चित्रपटाचे कर्ते; पावसाळी कोकण ज्या संयमाने त्यांनी टिपले होते तोच संयम येथील धुक्यातही आहे.

ही मालिका कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगी नाही. तिच्यात हिंसा आहे, रक्त आहे, शिव्या आहेत, आणि पहिल्या पर्वात (२०२०) तर त्याहून अधिक आहेत. प्रौढ वाचकांनी विवेक राखून पाहावी. हाथीरामचा एक गुण मात्र नोंदविण्यासारखा : तो हरणारा, थकलेला, बढती न मिळालेला माणूस आहे, आणि तरीही ज्याची कोणाला गरज नाही अशा एखाद्या गरीब बाईच्या तक्रारीसाठी तो शेवटपर्यंत चालत राहतो.

'ॲडोलसन्स' : बंद खोलीचे दार

शेवटची शिफारस परदेशी मालिकेची आहे, आणि या लेखातील सर्वांत आग्रहाची. मार्च २०२५ मध्ये आलेल्या 'ॲडोलसन्स' या ब्रिटिश मालिकेचे केवळ चार भाग आहेत. एका सकाळी पोलीस दार फोडून एका सामान्य घरात शिरतात आणि तेरा वर्षांच्या जेमीला अटक करतात. त्याच्याच शाळेतील केटी या मुलीच्या खुनाचा त्याच्यावर आरोप आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस संशय उरत नाही. खून कोणी केला हा प्रश्न पाऊण मालिका शिल्लक असताना सुटतो, आणि खरा प्रश्न उभा राहतो : का?

फिलिप बॅरंटिनी यांनी चारही भाग प्रत्येकी एकाच अखंड दृश्यात चित्रित केले आहेत. कॅमेरा कोठेही तुटत नाही. ही करामत म्हणून पाहू नये. आपल्याला नजर वळवता येऊ नये म्हणून ती योजना आहे. पोलीस ठाण्यात मुलाची झडती चालू असता बापाला जसे तेथून जाता येत नाही तसेच आपल्यालाही जाता येत नाही. तिसऱ्या भागात जेमी आणि मानसशास्त्रज्ञ बाई अशी दोनच माणसे एका खोलीत बहुतेक वेळ बोलत असतात. ओवेन कूपर या मुलाचा हा पहिलाच पडद्यावरील अभिनय. क्षणात बालक, क्षणात धमकावणारा पुरुष, पुन्हा बालक. त्याला २०२५ चा एमी पुरस्कार पंधराव्या वर्षी मिळाला, आणि अभिनयाचा हा पुरस्कार मिळवणारा तो सर्वांत लहान पुरुष कलावंत ठरला.

आपल्या वाचकांनी ही मालिका का पाहावी? कारण जेमीचे आईवडील वाईट नाहीत. लेखक जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम (बापाची भूमिकाही ग्रॅहम यांचीच) यांनी सोपी वाट टाळली आहे. बाप दारुडा नाही, मारकुटा नाही. स्वतः लहानपणी बापाचा मार खाल्लेला हा माणूस आपल्या मुलावर हात उगारणार नाही असे ठरवतो आणि ते पाळतो. आई प्रेमळ आहे. मुलगा संध्याकाळी घरी येतो, खोलीत जातो, दार लावतो, संगणक सुरू करतो. तो खोलीत आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असे त्यांना वाटते. त्या खोलीत परकी माणसे त्याला मुलींचा तिरस्कार करण्यास शिकवीत असतात, आणि शाळासोबती अशा चित्रखुणांनी त्याची टर उडवीत असतात की ज्यांचा अर्थ तपास करणाऱ्या अधिकाऱ्यालाही स्वतःच्या मुलाकडून समजावून घ्यावा लागतो. चौथ्या भागात बापाचा पन्नासावा वाढदिवस आहे. आपण आणखी काही करावयास हवे होते काय, हा प्रश्न नवरा-बायको एकमेकांना विचारतात. मालिका त्यांना दोषी ठरवीत नाही आणि निर्दोषही सोडीत नाही. अखेर बाप त्या रिकाम्या खोलीत जातो, मुलाच्या बिछान्यावरच्या खेळण्यातल्या अस्वलाला पांघरूण घालतो आणि क्षमा मागतो. कोणाची, हे ज्याने त्याने ठरवावे.

एक उणीव मालिकेला स्वतःलाच ठाऊक आहे. केटी आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. तपास करणारी स्त्री अधिकारी दुसऱ्या भागात म्हणते, की लोक जेमीला लक्षात ठेवतील, त्या मुलीला नाही. दोष बोलून दाखविला म्हणजे तो फिटतो असे आम्ही मानीत नाही. ज्या घरातील खोली कायमची रिकामी झाली, त्या घराची गोष्ट कोणीतरी अजून सांगायची राहिली आहे. 'ट्रायल बाय फायर' या मालिकेनंतर 'ॲडोलसन्स' पाहिली तर ही पोकळी अधिकच जाणवते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ही मालिका एकटी पाहू देऊ नये. मात्र आईवडिलांनी आधी स्वतः पाहून मग त्यांच्याबरोबर जरूर पाहावी.

मराठीचे काय?

हे विचारल्यावाचून लेख पुरा होणार नाही. रोज येणाऱ्या मराठी मालिकांना तोटा नाही. तोटा आहे तो सात-आठ भागांत नेटकी गोष्ट सांगून थांबणाऱ्या मालिकांचा. अपवाद म्हणून वरुण नार्वेकर यांची 'आणि काय हवं' (२०१९ ते २०२१, तीन पर्वे) सांगता येईल. प्रिया बापट आणि उमेश कामत यांनी रंगविलेले जुई आणि साकेत हे तरुण जोडपे नव्या घरात संसार मांडते. खलनायक नाही, कट नाही. असतात ते लहानसे रुसवे, पहिल्या खरेद्या आणि एकमेकांना समजून घेण्याचे कष्ट. नवविवाहितांना भेट म्हणून द्यावी अशी ही मालिका. तिचे जग मात्र सुखवस्तू शहरी आहे. वसईच्या वाडीतले, जालन्याच्या वस्तीतले, गोव्याहून मुंबईच्या कुडात उतरलेल्या खलाशाचे घर मराठी पडद्यावर याच प्रेमाने कधी येणार, ही आमची हुरहूर आहे. लिहिणारे हात आपल्यातही आहेत.

पाहण्याची रीत

एक व्यावहारिक सूचना करून थांबतो. या मालिका एका बैठकीत संपविण्याची आज जी चढाओढ लागते ती टाळावी. एक भाग संपला, की पुढचा आपोआप सुरू होतो. यंत्राची ती तत्परता आपल्या भल्यासाठी नसते. दोन भागांच्या मधला दिवस हाही त्या गोष्टीचाच भाग असतो. त्या दिवशी ती आपल्या आत काम करीत असते. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी, एकच पडदा लावावा, बाकीचे भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावेत. एक भाग पाहावा आणि पडदा बंद करावा. मग जो गप्प असेल त्याला अगोदर बोलू द्यावे. बहुधा तो घरातला धाकटा असेल, आणि त्याच्याकडे सांगण्याजोगे पुष्कळ निघेल.